दंतकथेच्या वाटेने खजिन्याचा शोध

(इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर अभ्यासाचा एक क्षेत्रपाठ)



खजिन्याचा शोध हा खेळ आपणांस नवा नाही. बालवीर व वीरबाला पथकांच्या शिबिरांतून आपल्यापैकी अनेकांनी तो खेळला व खेळविला असेल. एक चिठ्ठी सापडावी, तिच्यातील कोडे सोडवावे, त्यावरून दुसऱ्या चिठ्ठीचे ठिकाण कळावे आणि अशा रीतीने वाट चालत शेवटी खजिन्यापर्यंत पोहोचावे, एवढाच हा साधा खेळ. या खेळास परिसर अभ्यासाच्या पाठाचे रूप कसे देता येईल, हे वज्रेश्वरी येथील एका वाटेच्या आधारे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. परंतु पाठाची मांडणी करण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला अवश्य वाटते. कारण या पाठातील सर्वांत महत्त्वाचा नियम त्या चुकीतूनच जन्मास आला आहे.

एक चूक व तिचा बोध

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी शिक्षक होतो. गावाच्या वेशीबाहेर एक जुनी शिळा उभी होती. तिच्या माथ्यावर चंद्र व सूर्य कोरलेले होते आणि खाली झिजलेल्या अक्षरांच्या काही ओळी होत्या. चौथीच्या मुलांसाठी मी खजिन्याचा शोध योजला. पत्र्याच्या डब्यात पेन्सिली, खोडरबर आणि शेंगदाण्याची चिक्की भरली व तो डबा त्या शिळेपासून सात पावलांवर हातभर खोल पुरून ठेवला. शेवटच्या चिठ्ठीत लिहिले, ‘चंद्र आणि सूर्य जेथे एकत्र नांदतात, तेथे धन आहे.’ मुलांनी कोडे सोडविले, माती उकरली, डबा काढला. त्यांच्या आनंदास पारावार राहिला नाही. पाठ उत्तम झाला असे मला वाटले.

मुले घरी गेली आणि चंद्रसूर्याच्या दगडापाशी खजिना निघाला, असे त्यांनी ज्याला त्याला सांगितले. चौथ्या दिवशी सकाळी शाळेकडे जात असता पाहतो तो शिळेभोवती कमरेइतका खड्डा खणलेला आणि शिळा आडवी पडून तिचे दोन तुकडे झालेले. तडा नेमका अक्षरांमधून गेला होता. रात्री कोणी खणले, याचा पत्ता लागला नाही. त्या दिवशी वर्गात एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, आपण पुरलेला डबा आपण काढला. मग त्यांनी कोणी पुरलेला काढायला घेतला?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. खणावयास मीच शिकविले होते.

शिळेवरील चंद्रसूर्य ही धनाची खूण नव्हे. चंद्र व सूर्य आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, असा त्या खुणेचा अर्थ असतो. आपल्या भिवंडी तालुक्यात लोनाड व चौधरपाडा येथे शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले आहेत. लोनाडचा लेख शके ११०६ मधील, म्हणजे इसवी सन ११८४ चा, व चौधरपाड्याचा शके ११६१ मधील, म्हणजे इसवी सन १२३९ चा आहे. आठशे वर्षांपूर्वी या भूमीवर कोणाचे राज्य होते, कोणी कोणास काय दान दिले, हे आज आपणांस कळते ते अशा दगडांमुळे. दगड फुटला की ती वार्ता कायमची नाहीशी होते. धनाच्या लोभाने खणणाऱ्यांच्या हाती धन लागत नाही. आणि जे धन डोळ्यांसमोर उभे असते, त्याचा मात्र त्यांच्याच हातून नाश होतो.

गुप्तधनाच्या वेडापायी याहूनही भयंकर गोष्टी घडतात, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या शिक्षकांस सांगावयास नको. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविली पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा व राज्याचा १९६० चा कायदा आहे. हे सर्व मुलांस पाठ करून घ्यावयाचे नाही; परंतु आपण ज्या खेळात ‘खजिना’ हा शब्द वापरणार, त्या शब्दाचे गावात काय वजन आहे, हे शिक्षकाने जाणून असावे.

म्हणून या पाठाचा पहिला नियम असा, की खजिना जमिनीत कदापि ठेवू नये. कोणत्याही चिठ्ठीसाठी माती उकरू नये, दगड हलवू नये, झाडाची साल काढू नये, भिंतीवर खूण करू नये. काहीही न हलविता जो सापडतो, तोच या खेळातील खजिना.

इतरत्र हा खेळ कसा वाढला

खजिन्याच्या शोधाचा खेळ जगात अनेक रूपांनी खेळला जातो. इंग्लंडातील डार्टमूर नावाच्या ओसाड माळरानावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एका दुर्गम जागी बाटली ठेविली. तेथवर चालत जाणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावयाची, असा प्रघात पडला आणि त्यातून डोंगरवाटांवरील पेट्या शोधण्याचा छंद वाढला. १९०७ साली बेडन पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले आणि माग काढणे व निरीक्षण करणे यांस खेळांत मानाचे स्थान दिले. २००० सालापासून उपग्रहांच्या साहाय्याने ठिकाण शोधून लपविलेल्या डब्या हुडकण्याचा खेळ देशोदेशी पसरला; त्या खेळातही डबी ठेवण्यासाठी खड्डा खणू नये असाच दंडक आहे. आपल्या पाठासाठी उपग्रहही नको आणि यंत्रही नको. चार चिठ्ठ्या, एक दोरी, एक तापमापक आणि गावातील एखादी जाणती व्यक्ती एवढे साहित्य पुरेसे आहे.

पाठाचे उद्दिष्ट : तीन रकाने

दंतकथा मुलांस सांगावी की सांगू नये, असा प्रश्न काही शिक्षक विचारतात. कोणी म्हणतात, दंतकथा खोटी, म्हणून वर्गात तिला थारा नसावा. कोणी म्हणतात, ती पूर्वजांची ठेव, म्हणून तिच्याविषयी प्रश्न विचारू नये. माझ्या मते दोन्ही वाटा मुलांच्या बुद्धीस अडविणाऱ्या आहेत. दंतकथा जशी सांगितली जाते तशी ती प्रेमाने सांगावी. मात्र ती दंतकथा आहे हे मुलांस उमगावे. यासाठी प्रत्येक मुलाच्या वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यास ‘ऐकले’, दुसऱ्यास ‘पाहिले’ व तिसऱ्यास ‘वाचले’ असे मथळे द्यावेत. लोक सांगतात ते पहिल्या रकान्यात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मोजले, हुंगले ते दुसऱ्यात आणि ग्रंथांतून, लेखांतून किंवा शिक्षकांकडून तारखेसह कळले ते तिसऱ्यात. कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात घालावी, हे मुलांनी स्वतः ठरविणे, हेच या पाठाचे उद्दिष्ट होय. एकदा ही सवय जडली की चंद्रसूर्याचा दगड दिसताच कुदळ घेऊन धावणारा मनुष्य त्या मुलातून निपजणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

वाटेची निवड व कथा

वज्रेश्वरीचे देऊळ आपल्या तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात आहे. ज्या गावी ते आहे त्याचे जुने नाव वडवली. देऊळ मंदागिरी नावाच्या टेकडीच्या अंगावर उभे असून तेथून जवळच अकलोली येथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत. देऊळ, टेकडी व कुंडे ही एका सकाळी पायी पाहता येतात. म्हणून हा मार्ग नमुन्यादाखल घेतला आहे.

क्षेत्रभेटीच्या आदल्या दिवशी वर्गात पुढील कथा सांगावी. फार पूर्वी कालिकाल नावाचा दैत्य या वडवलीच्या प्रदेशात ऋषींस व लोकांस छळीत असे. तेव्हा वसिष्ठ ऋषींच्या पुढाकाराने देवीच्या प्रसन्नतेसाठी मोठा यज्ञ आरंभिला गेला. त्यात इंद्रास आहुती देण्याचे राहून गेले. इंद्र कोपला आणि त्याने यज्ञावर आपले वज्र फेकले. सर्वांनी देवीचा धावा केला. देवी प्रकट झाली, तिने ते वज्र गिळून टाकले, दैत्यांचा संहार केला आणि वज्रेश्वरी हे नाव धारण करून येथेच राहिली. या परिसरातील उष्ण पाणी हे त्या दैत्यांचे रक्त होय, असे लोक सांगतात. आणखी एक कथा अशी, की परशुरामाने वडवलीत यज्ञ केला आणि येथील टेकड्या त्या यज्ञाच्या राखेच्या आहेत.

कथा सांगून झाल्यावर मुलांस एवढेच विचारावे, “यांतले उद्या आपणांस काय पाहता येईल आणि काय पाहता येणार नाही?” उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत, खरे-खोटे तेव्हा सांगू नये.

भिवंडीच्या आसपासच्या आपल्या शाळांतून आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी अशा घरांतील मुले शिकतात. यंत्रमागांवर व गोदामांतून काम करण्यासाठी दूरच्या राज्यांतून आलेल्या कुटुंबांतील मुले शिकतात. निरनिराळ्या धर्मांची मुले शिकतात. देवळात पूजा करणे हा या पाठाचा भाग नाही, हे पालकांस अगोदर स्पष्ट सांगावे. ज्या मुलास गाभाऱ्यात जावयाचे नसेल त्याने जाऊ नये. आपले सर्व थांबे गाभाऱ्याच्या बाहेरच आहेत. या भूमीची कथा मात्र या भूमीवर राहणाऱ्या प्रत्येक मुलाची आहे.

पूर्वतयारी

१. कार्तिक ते पौष हा काळ उत्तम. पावसाळ्यात टेकडी निसरडी होते व नदीस पूर असतो. नवरात्रात आणि चैत्री अमावास्येच्या यात्रेच्या दिवसांत गर्दी फार असते. ते दिवस टाळावेत.

२. शिक्षकाने चार-आठ दिवस अगोदर संपूर्ण वाट स्वतः चालून पाहावी. कोठे सावली आहे, कोठे पिण्याचे पाणी मिळते, कोठे घसरण आहे, हे टिपून घ्यावे. मुख्याध्यापकांची, पालकांची व देवस्थानच्या व्यवस्थापकांची अनुमती घ्यावी.

३. मुलांचे चार गट करावेत. एका गटात सहा-सातांहून अधिक मुले नसावीत आणि प्रत्येक गटासोबत एक प्रौढ व्यक्ती असावी. वेगाने चालणारी व सावकाश चालणारी, लिहिण्यात हुशार व झाडेपाखरे ओळखण्यात हुशार, अशी मुले एका गटात मिसळावीत. रानावनात वाढलेले मूल वर्गात मागे बसत असले, तरी या वाटेवर ते सर्वांच्या पुढे असते, हा अनुभव आपणांस येईल.

४. गट दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडावेत. आधी पोहोचणाऱ्यास बक्षीस ठेवू नये. तसे केल्यास मुले धावतात, पडतात आणि पाहावयाचे ते पाहत नाहीत.

५. चिठ्ठ्या झाडात किंवा भिंतीच्या फटीत लपवू नयेत. फटीत विंचू व साप असू शकतात. प्रत्येक थांब्यावर एक शिक्षक किंवा पालक बसवावा व त्याच्याकडे चिठ्ठ्या द्याव्यात. मुलांनी थांब्याचे काम पूर्ण करून दाखविले की त्याने त्यांस एक अक्षर व पुढची चिठ्ठी द्यावी.

चार थांबे

पहिला थांबा : पायऱ्या. चिठ्ठीत असे लिहावे :

पाण्यामधला जीव मी, पाषाणात बसलो;
देवळाच्या वाटेवरी पायांशी दिसलो.
घर माझे पाठीवर, चाल माझी मंद;
सांगा मला शोधून, कितव्या पायरीवर बंद?

उत्तर अर्थातच कासव. देवळाच्या पायऱ्यांपैकी एकीवर कासव कोरलेले आहे व लोक त्यास मान देतात. म्हणून त्यावर पाय देऊ नये, हे सांगावे. पायऱ्या बावन्न असल्याचे सांगतात. तो आकडा मुलांस आधी सांगू नये. त्यांना मोजू द्यावे. दोन गटांच्या मोजणीत फरक पडला तर त्यांस रागावू नये. पहिली पायरी कोणती धरली, वरचा चौथरा मोजला की नाही, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. मोजणी कोठून सुरू करावयाची हे ठरविल्याखेरीज संख्येस अर्थ नाही, हा धडा गणिताच्या तासापेक्षा येथे लवकर पटतो.

दुसरा थांबा : तट. चिठ्ठीत असे लिहावे :

देवाचे हे घर, मग तट कशाला भोवती?
येथे येऊन गेला कोण, मोहीम घेऊन हाती?

देवळाच्या भोवतीची भिंत किल्ल्याच्या तटासारखी आहे. मुलांनी तिचे रेखाचित्र काढावे व दाराची रुंदी आपल्या वितींनी मोजावी. त्यानंतर शिक्षकांनी इतिहास सांगावा. वसईचा प्रदेश १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी मोठी मोहीम करून मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. मोहिमेच्या वेळी त्यांनी वडवलीस मुक्काम केला होता, विजय मिळाल्यास देवीचे देऊळ बांधीन असा नवस केला आणि पुढे तो फेडला, असे परंपरा सांगते. देवीचे मूळ ठाणे येथून उत्तरेस गुंज या गावी होते, असेही सांगतात. येथे मुलांपुढे रकान्यांचा प्रश्न ठेवावा. वसई १७३९ साली पडली, हे कोठे लिहावे? तिसऱ्या रकान्यात. तट किल्ल्यासारखा आहे, हे? दुसऱ्यात. नवस केला, हे? येथे मुले बहुधा वाद घालतात, घालू द्यावा. एखादी गोष्ट खऱ्या माणसाविषयी असली तरी ती आपल्यापर्यंत सांगोवांगी आलेली असू शकते, एवढे त्यांच्या ध्यानात आले म्हणजे पुरे.

तिसरा थांबा : टेकडीवरचा दगड. देवळाच्या वरच्या अंगास टेकडीवर गोधडेबुवा या गोसावी सत्पुरुषाची समाधी आहे. तेथवर जाणाऱ्या वाटेवर एखादी सुरक्षित व सावलीची जागा पाहून हा थांबा ठेवावा. चिठ्ठीत असे लिहावे :

राख म्हणती मजला, राखेपरी मी नाही;
हाती घेऊन पाहा मला, फुंकर मारून पाही.

मुलांनी वाटेवर पडलेला एखादा खडा उचलून पाहावा. राख हलकी असते, फुंकरीने उडते, पाण्यात कालवली जाते. हा खडा जड, काळसर व कठीण आहे. मग ही राख कशी? येथे शिक्षकांनी सांगावे, की सह्याद्री व त्याच्या आसपासचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या तप्त लाव्हाचे थर थंड होऊन बनला आहे. जेव्हा हा रस वाहिला, तेव्हा पृथ्वीवर मनुष्य नव्हता. मात्र कथा सांगणाऱ्या पूर्वजाने या काळ्या दगडाकडे पाहून ‘हे कशाने तरी भाजून निघाले आहे’ असे ओळखले असावे, ही शक्यता मुलांपुढे ठेवावी. त्याची नजर चांगली होती. त्याच्यापाशी साधने नव्हती. या दोन वाक्यांत दंतकथेविषयी आदर व चिकित्सा ही दोन्ही येतात. खडा पाहून झाल्यावर जेथून उचलला तेथेच परत ठेवावा.

टेकडीवरून खाली तानसा नदीचा परिसर मुलांस दाखवावा. याच नदीवर शहापूर तालुक्यात धरण बांधून १८९२ पासून मुंबईस पाणी पुरविले जाते. आपल्या डोळ्यांसमोरच्या नदीचे पाणी मुंबईतील घरांत पोहोचते, याचे मुलांस मोठे नवल वाटते. ही नोंद तिसऱ्या रकान्यात.

चौथा थांबा : उष्ण कुंडे. येथे येण्यासाठी वाहनांच्या रस्त्याने चालावे लागते. मुलांनी एकामागे एक, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने चालावे. पुढे व मागे एक-एक प्रौढ व्यक्ती असावी. चिठ्ठीत असे लिहावे :

चूल नाही, जळण नाही, तरी पाणी तापे;
दैत्याचे हे रक्त म्हणती, रंग पाहा सोपे.

या थांब्यावर सर्वांत अधिक सावधगिरी हवी. काही कुंडांचे पाणी लहान मुलांची कातडी पोळण्याइतके तापलेले असते. मुलांस काठावर वाकू देऊ नये, पाण्यात हात घालू देऊ नये, नदीच्या पात्रात उतरू देऊ नये. शिक्षकांनी स्वतः दोरीने लहान बादलीत पाणी काढून सपाट जागी आणावे. तापमापक प्रयोगशाळेतील, शंभर अंशांपर्यंतचा घ्यावा. ताप मोजण्याचा तापमापक बेचाळीस अंशांच्या पुढे जात नाही व अशा पाण्यात तो फुटतो. प्रत्येक गटाने तापमान पाहावे, पाण्याचा रंग पाहावा, वास येतो का ते हुंगावे व दुसऱ्या रकान्यात लिहावे. पाणी लाल नाही, हे मुले आपण होऊनच सांगतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. खाली ज्वालामुखी धगधगत असल्यामुळे पाणी तापते, असे अनेक शिकलेले लोकही सांगतात. तसे नाही, येथील ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झाला. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरास पंचवीस ते तीस अंश. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे फार खोल मुरते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगांवाटे वर येते. असे झरे कोकणपट्टीत रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, अरवली, राजापूर येथपर्यंत ओळीने आढळतात. नकाशावर ही ठिकाणे मुलांनी टिंबांनी दाखवावीत व ती रेघ पाहावी. जमिनीखालच्या भेगांची ती रेघ आहे, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते.

खजिना

प्रत्येक थांब्यावर गटास एक अक्षर मिळालेले असते : व, ली, ड, व. ही अक्षरे जुळविली की ‘वडवली’ हे गावाचे जुने नाव तयार होते. हे नाव घेऊन मुलांनी खजिनदाराकडे जावयाचे. खजिनदार म्हणून गावातील एखाद्या वृद्ध आजीस किंवा आजोबांस अगोदर विनंती करून सावलीत बसवावे. गटाने नाव सांगितले म्हणजे खजिनदाराने आपण लहानपणी ऐकलेली देवीची किंवा कुंडांची कथा आपल्या शब्दांत सांगावी. शिक्षकांनी वर्गात सांगितलेली कथा व आजींनी सांगितलेली कथा यांत कोठे फरक आहे, हे मुलांनी शोधून सांगितले की खजिन्याचा डबा उघडावा.

डब्यात गूळ-शेंगदाणे असावेत, कारण मुले दमलेली असतात. आणि एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही असावी. वहीवर ‘आमची कथावही’ असे लिहिलेले असावे. हाच खजिना. ज्या मुलांस सोन्याची अपेक्षा होती ती क्षणभर हिरमुसतील. त्यांस हिरमुसू द्यावे. या वहीत प्रत्येक मुलाने आपल्या घरी ऐकलेली, आपल्या डोंगराची, नदीची, झाडाची किंवा दगडाची एक कथा लिहावयाची असते. आपला वर्ग किती श्रीमंत आहे, हे वही भरू लागली म्हणजे त्यांचे त्यांनाच कळते. एके वर्षी एका मुलाने या वहीत आपल्या आजोळच्या, हजार मैलांवरील तळ्याची कथा हिंदी-मराठी मिसळून लिहिली. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या त्या मुलास त्या दिवशी सर्व वर्गाने ती कथा तीन वेळा सांगावयास लावली.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी चारही गटांचे रकाने फळ्यावर एकत्र मांडावेत. आदल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे पुन्हा काढावीत आणि कोणती उत्तरे बदलली ते पाहावे. भाषेच्या तासाला दंतकथा लिहून घ्यावी, गणिताच्या तासाला पायऱ्या व तापमान यांच्या नोंदी घ्याव्यात, चित्रकलेच्या तासाला वाटेचा नकाशा काढावा. मूल्यमापन करताना बरोबर उत्तरांपेक्षा गोष्ट योग्य रकान्यात घातली की नाही, याकडे अधिक लक्ष द्यावे.

इतर शाळांसाठी

सर्वच शाळांस वज्रेश्वरीस जाणे शक्य नाही व तशी आवश्यकताही नाही. लोनाडच्या आसपासच्या शाळांस तेथील जुने शिवमंदिर व डोंगरातील लेणे उपलब्ध आहे. लेणे बौद्धांचे, आणि आज तेथे खांडेश्वरी देवीची उपासना होते. एकाच खोलीत दोन काळांच्या श्रद्धा कशा नांदतात, हे तेथे डोळ्यांनी दिसते. शहापूरकडील शाळांस माहुलीच्या डोंगराचे सुळके पायथ्यापासून दाखविता येतील. त्यांस नवरा, नवरी, भटोबा अशी नावे लोकांनी दिली आहेत. सुळक्यांवर वा गडावर लहान मुलांस नेऊ नये. दुरून पाहूनही पाठ पूर्ण होतो. ज्या गावात यांपैकी काहीच नाही, तेथे गावदेवीचे झाड, जुनी विहीर किंवा वेशीवरचा दगड असतोच. आणि त्याची कथा सांगणारी एखादी आजीही असते. तिच्या हयातीत तिच्याकडे मुलांस नेणे, एवढेच आपले काम.

माझ्या त्या पहिल्या शाळेच्या गावी शिळेचे दोन तुकडे पुष्कळ दिवस वेशीबाहेर तसेच पडून होते. मी मुलांस तेथे पुन्हा नेले, तुकडे हलवू दिले नाहीत. त्यांवरील जेवढी अक्षरे दिसत होती तेवढी कागदावर उतरवून घेतली आणि मधल्या तड्याच्या जागी मुलांनी रेघ ओढून ‘येथे फुटले’ असे लिहिले. तो कागद मी जपून ठेविला आहे. आपणांपैकी कोणाच्याही शाळेच्या कागदावर अशी रेघ ओढण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा पाठ आपल्यापुढे ठेविला आहे. आपल्या गावच्या कथेस अनुसरून तो अवश्य बदलावा, करून पाहावा आणि मुलांच्या वह्यांत काय उमटले ते केंद्रसंमेलनात इतरांस सांगावे.